लाल दिव्याची वायर

बाबा,

छकुलीला घेऊन मी बसने आईकडे निघालेय. तुमच्या गाडीतून येणार नाही.

तुम्ही फिरायला गेल्यावर सामान ठेवायला गाडीत गेले. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागायलाच हवा, आणि सुरू झाल्यावर विझायला हवा. आज लागला नाही. बॉनेट उघडलं, तर त्याची वायर काढून वर छान चिकटपट्टी गुंडाळलेली! तुम्ही इंजिन खोलून पुन्हा बांधल्यापासून तो दिवा विझत नव्हता. परवा विझला, तेव्हा "बघ सूनबाई, म्हातारी शांत झाली," म्हणालात. म्हातारी शांत झाली नाही बाबा, तुम्ही तिचं तोंड बांधलंत.

वायर जोडून मी इंजिन सुरू केलं. दिवा जळतच राहिला, म्हणून लगेच बंद केलं. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसतंय, म्हणजे बहुतेक ते वर चढत नाहीये. ऑइलचा पंप बसवताना काही चुकलं असेल. नुसता दिव्याचा स्विच खराब असेल तर उत्तमच, पण ते तपासून ठरवा.

मी भित्री आहे हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगितलंच आहे, आता उद्धटही आहे म्हणून सांगा. घाटात इंजिन जाम झालं असतं, तर पोर माझ्या मांडीवर असती. ह्यांना फोन करून माझी समजूत घालायला लावू नका, मी त्यांना सगळं सांगितलंय.

जेवण झाकून ठेवलंय. गाडीची चावी शोधू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. पंप बघायला इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोलावं लागेल, त्याला पाने लागतात, चावी लागत नाही.