जिन्याखाली ओढलेल्या तीन बिड्या

जुनवानी, भिलाई

आदरणीय सुनिताताई,

नागसेनचा जय भीम. गुडघा कसा आहे? (तुझ्याआधी गुडघ्याची चौकशी करतो, कारण तू नेहमी 'बरी आहे' म्हणतेस.) भाऊजींनाही जय भीम सांग.

तुझ्या भावजयीने, शालूने, फोनवर तुला सांगितलं ते खरं आहे. मी बिडी ओढली. एक नव्हे, तीन. तीही शाळेत, भर दुपारी, मुख्याध्यापकांसमोर. "या वयात कावून बिडी पिऊन राहिले तुमी?" असं तिने विचारलं, मी "सर्व्हरसाठी" म्हणालो, आणि पुढचं न ऐकता तिने थेट गोंदियाला तुला फोन लावला. पुढचं तूच ऐक.

आमच्या शाळेची सर्व्हरची खोली जिन्याखाली आहे. बाराशे मुलांचे निकाल तिथल्या यंत्रांत आहेत, आणि वर जायला जिना तो एकच (वर केजीची मुलं बसतात). म्हणून दोन वर्षं अर्ज करून मी छताला धूर ओळखणारी डबी आणि भिंतीवर गॅसचं सिलिंडर बसवून घेतलं. पाणी मारलं तर आगीबरोबर यंत्रंही जातात, गॅसने तसं होत नाही. पण डबीला धूर कळला तरच सिलिंडर उघडतं. डबी गप्प, तर तेही गप्प.

बसवणारा म्हणाला, तपासणी बिडीने करू. पण त्याचा सावन चालू होता, बिडी वर्ज्य. मुख्याध्यापक भैय्याजींना दमा. उरलो मी. (पंचशीलात मद्याचं नाव आहे, बिडीचं नाही, असं मनाला समजावलं. मन इतक्या लवकर समजलं की मला त्याचाच संशय आला.) गॅस सुटू नये म्हणून सिलिंडरची जोडणी काढली, स्टुलावर चढलो आणि चौकीदाराकडून मागितलेल्या तिन्ही बिड्यांचा धूर खोकत खोकत डबीच्या तोंडावर सोडला. माझ्या डोळ्यांना धार लागली, भैय्याजी बाहेर पळाले, डबी ढिम्म.

"मेश्राम सर, आपके फूँकने में दम नहीं है," भैय्याजी रुमालाआडून म्हणाले. "दस्तखत करो, आग कौन-सी रोज लगती है!"

कागदावर लिहिलं होतं, 'चाचणी समाधानकारक'. मी सही केली नाही. कुम्हारीच्या शाखेत पाठवीन म्हणाले. पाठवा म्हटलं, बस जाते तिथे. स्कूटरवर घरी येताना मात्र प्रश्न पडला: खरंच माझ्या फुंकण्यात दम नसेल तर? मी नुसत्या अहंकाराने तर अडून बसलो नाही? अहंकार असेलही थोडा. पण ताई, मोठी आग कळायला डबी कशाला हवी, ती भैय्याजींनाही कळेल. डबी हवी ती नवशिक्याच्या बिडीएवढ्या धुरासाठीच. तेव्हा बदली करोत, नोटीस देवोत, ती डबी बोंबलल्याशिवाय माझं नाव त्या कागदावर येणार नाही.

तुझा भाऊ (इथे मात्र सही करतो),
नागसेन

ता. क. सोमवारी पुन्हा चाचणी मागितली आहे. या वेळी बिडी हलकी होती असं कुणी म्हणायला नको. भाऊजींना सांगून तुमच्या गोंदियाच्या कडक बिडीचे दोन कट्टे पाठव.

आणखी ता. क. चाचणीला एकच कट्टा पुरून उरेल, दुसरा माझ्यासाठी. त्याबद्दल तुझ्याशी गप्प राहायचं, तर त्या कागदावर सही न करून मी काय मिळवलं? शालूला मीच सांगेन. कट्टे मात्र दोनच पाठव.