तोंडी चालत नाही

॥ श्री ॥
नल्लकुंटा, हैदराबाद
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय वन्संना प्रमिलाचा स. न. वि. वि.

सगळ्यात आधी कोण टपकलं, ओळखा बघू. वरच्या मजल्यावरची वृषाली. आमच्या बॅगा अजून जिन्याखालीच, तर ही कठड्यावरून वाकून विचारते, काकू, चहा आणला का लंकेचा. म्हटलं बाई, आधी पाय तर धुऊ दे. तर मागोमाग सासूलाही घेऊन आली. आमच्या सूनबाईनं, सुजातानं, तुमच्यासाठी आणलेली पुडी फोडून त्यांना चहा केला, काय करणार. तुमची दुसरी ठेवलीये, घाबरू नका.

तर वृषालीनं ह्यांना विचारलं, काका, कशी होती श्रीलंका. हे म्हणाले, कोण गेलं होतं. सगळे खो खो हसले. तिची सासू म्हणाली, कोर्टात आयुष्य गेलं पण काकांची चेष्टा काही गेली नाही. मी सगळ्यांच्या आधी हसले. आधी हसावं लागतं वन्सं, म्हणजे बाकीचे मागून हसतात.

गेलं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आपला श्रीकांत चार महिने नोकरीवाचून घरात, बूट पुसून ठेवायचा आणि कुठं जायचा नाही. मग सुजाताचं ब्लडप्रेशर. नवी नोकरी लागली तेव्हा सुजाताच म्हणाली, आई, सगळेच थकलोय, कुठंतरी लांब जाऊन बसू या. मी म्हटलं यादगिरीगुट्ट्याच्या देवाला. नात हसली. मृण्मयीनं फोनवर बोटं फिरवली आणि विमानाची तिकिटं आली.

समुद्र बघितला, हत्ती बघितले नदीत लोळताना, अगदी आमच्या गल्लीतल्या म्हशींसारखे. शेवयांची चकती करतात आणि नारळाच्या रसात बुडवून सकाळी सकाळी खातात, मी चार खाल्ल्या. डोंगरावर चहाचे मळे, गोधडीला टाके घालावे तशा ओळी. थंडी इतकी की ह्यांचा मफलर मी घेतला. मी सारखी ह्यांचा हात धरून होते तर मृण्मयीनं त्याचे फोटो काढून सगळ्यांना दाखवले. दोनशे लोकांना आवडले म्हणे. बघा म्हातारा-म्हातारीचं प्रेम. प्रेम आहेच, पण त्या हाताला घाम होता ते फोटोत येत नाही.

ह्यांना हल्ली अधूनमधून आठवत नाही. वयच आहे.

ह्यांच्या नेहमीच्या दोन ओळी या खेपेला नाहीत, झोपलेत. लोभ आहेच, तो राहू द्या, मी काही कमी लिहिलं असलं तरी.

तुमची
प्रमिला


नांदेड
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस जयवंताचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. रावणाच्या गावाला जाऊन बाईनं सोनं सोडून चहा आणला, आणि तोही वृषालीला पाजला. विकासला वाचून दाखवलं तर माझा हा शहाणा मुलगा म्हणतो, मामी लिहिते तसं बोलते का बोलते तसं लिहिते. मी म्हटलं, ती दोन्ही एकाच वेळी करते.

हसून झालं. आता खरं सांगा.

दादाच्या दोन ओळी नाहीत. माझं लग्न झाल्यापासून तुमच्या घरून एकही पत्र त्याच्या दोन ओळींवाचून आलं नाही. विषमज्वरात पडला होता तेव्हासुद्धा वाकड्या अक्षरात होत्या. दिवाळीच्या पत्रात नव्हत्या, तुम्ही म्हणालात पेन संपला. संक्रांतीला म्हणालात बाहेर गेलेत. आता झोपलेत. झोपले होते तर उठल्यावर पत्र टाकायचं होतं. विकास व्हिडिओ लावून देतो तेव्हा तुम्ही पुढं बसता आणि दादा मागं पेपर धरून. पाऊण तास पान उलटत नाही. वहिनी, मी कानानं बहिरी आहे, फोनवर मला काही कळत नाही म्हणून तुम्ही मला काहीही सांगता. पण डोळे आहेत मला.

आमच्या आईचं शेवटी काय झालं ते तुम्हीच पाहिलं, तुम्हीच तिला भरवलं. शेवटी ती मला मावशी म्हणायची. दादाचं तसं आहे का. हो किंवा नाही, एवढंच लिहा.

परवा मी गॅस चालू ठेवून गिरणीवर गेले होते. विकासला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

धाकटीवर लोभ असेल तर लपवू नका.

आपली
जयवंता


॥ श्री ॥
नल्लकुंटा, हैदराबाद
सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना प्रमिलाचा स. न. वि. वि.

हो.

एका शब्दात मागितलंत, दिलं. पण मला एका शब्दावर थांबता येत नाही हे तुम्ही जाणता. आणि हे पत्र मी हॉलमध्ये बसून सगळ्यांसमोर लिहितेय. माझं अक्षर या घरात फक्त हेच वाचू शकतात. मृण्मयी मराठी वाचते ती अक्षरं मोजत मोजत, दुसऱ्या ओळीला कंटाळते.

गेल्या श्रावणात हे कोठीला गेले, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, दर महिन्याला जातात तसे. बाराला येणारा माणूस चार वाजले तरी नाही. मग दुकानदार मियाँ स्वतः रिक्षा करून घेऊन आला. दोन घंटे दुकानासमोर उभे होते म्हणे, जात नाहीत, बोलत नाहीत, त्यानं चष्म्याच्या डबीवरचा पत्ता बघितला. अम्मा, साबला एकटं नक्को पाठवू, असं मला बजावून गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, इतकी बधिर झाले होते. मग डॉक्टर, मग डोक्याचा फोटो. डॉक्टरनं नाव सांगितलं त्या आजाराचं, ते मी लिहीत नाही. आपल्या सासूबाईंना होता तोच. श्रीकांत म्हणाला, एवढं काही नाही, बाबा दमलेत. त्याची नोकरी नव्हती तेव्हा, त्याला आणखी एक वाईट गोष्ट धरायला हातच नव्हता. म्हणून मीही तसंच म्हणत राहिले. सहा महिने मी एकटी घाबरत होते वन्सं. आंघोळीला गेले तरी कडी लावायची नाही, नळ बारीक सोडायचा, दाराचा आवाज आला पाहिजे.

आता जायच्या आधीचं सांगते. तुमच्या दादाची सवय तुम्हाला ठाऊकच. दिवाणी कोर्टात रेकॉर्ड सांभाळलं, तोंडी सांगितलेलं चालायचं नाही, लिहून आणा. घरातही तसंच. लग्नानंतर मी पैठणी मागितली तर म्हणाले, अर्ज करा. चौथी शिकलेली मी, आठ दिवस खपून अर्ज लिहिला, त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा करून परत दिला आणि पैठणी दिली. आता हे माणसं विसरतात पण लिहिलेलं मोडत नाहीत. दारावर कागद लावला, बाहेर जाऊ नका, तर जात नाहीत. कागद पडला की निघाले.

म्हणून त्यांच्या पाचही शर्टांच्या खिशाची आतली बाजू उलटून मी लाल दोऱ्यानं शिवलं, इथंच बसा, मी येते, प्रमिला. चष्मा काढायला खिशात हात घातला की दिसावं. सुजातानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. आई, पत्ता नाही, नंबर नाही, आणि हे मराठीत, तिथं कोण वाचणार. खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली. पण ऑपरेशनच्या डोळ्यानं मला तेवढंच शिवता येत होतं. तिनं त्यांच्या पाकिटात इंग्रजी कार्ड ठेवलं आणि मनगटात ते फोनचं घड्याळ घातलं, माणूस कुठं आहे ते दाखवणारं.

तिसऱ्या दिवशी कँडीजवळची मोठी बाग. बाग कसली, गावच ते, एकेक झाड म्हणजे मंडप. मी सुजाताबरोबर बाथरूमला गेले, ह्यांचा हात श्रीकांतच्या हातात देऊन. त्याला ऑफिसचा फोन आला, त्यानं कानाला फोन लावायला ह्यांचा हात सोडला. तेवढंच. पाकीट श्रीकांतच्या बॅगेत होतं, हरवू नये म्हणून. घड्याळ हॉटेलात, चार्जिंगला.

सव्वा तास. हे कुठंच दिसेनात, आम्ही सगळ्या वाटा धुंडाळत होतो. नदी आहे त्या बागेच्या तिन्ही बाजूंनी, मी पाण्याकडे बघायचं टाळत होते आणि सारखी बघत होते. झाडांना वटवाघळं लटकलेली, शेकड्यांनी. मी अहो, अहो करत ओरडत होते. मृण्मयी रडत म्हणाली, आजी, अहो म्हटल्यावर कोण वळणार, नावानं हाक मार. त्रेपन्न वर्षांत ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच. इथं कागदावरसुद्धा हात थांबतो. पण तिथं घेतलं वन्सं. मोठ्यानं घेतलं, आडनावासकट घेतलं, घसा बसेपर्यंत.

शेवटी बांबूच्या बेटाखाली एका बाकावर सापडले. चष्मा लावलेला, खिसा उलटा काढून हातात धरलेला. मला बघून म्हणाले, उशीर केलास, मी लिहिल्याप्रमाणं बसलोय. मी त्यांचे गुडघे धरून खाली बसले. तर म्हणतात, कोणी एक बाई केव्हाची माझ्या नावानं ओरडत होती, ओळखीची नव्हती, मी उठलो नाही.

पत्ता नसलेलं बरंच झालं म्हणाली सुजाता. ज्यानं वाचायचं त्यानं वाचलं. पण ती बाई कोण होती ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर दोन दिवस समुद्रावर होतो. तिथं श्रीकांत वाळूत बसून रडला, माझ्यासमोर, लहानपणी कान फुटला होता तेव्हा रडला होता तसा. म्हणाला, मला ठाऊक होतं आई. सुजातालाही ठाऊक होतं. मृण्मयीला सगळ्यांच्या आधी. मग आम्ही पाळ्या ठरवल्या, कोणी कधी हात धरायचा. त्या दोन दिवसांत मी सहा महिन्यांनी कडी लावून आंघोळ केली. तुम्ही विचाराल परदेशात काय मिळालं, तर हे मिळालं. भीती गेली नाही. चौघांत वाटली गेली.

तुमच्या गॅसचं म्हणाल तर मी जन्मभर दूध उतू घालतेय. त्यावरून काही ठरत नाही. पण विकासला सांगा. मी सहा महिने लपवून बघितलं, त्यात काही नाही.

तुम्ही या. तुमचं नाव त्यांना अजून येतं. कधी येतं, कधी नाही. रोज उशीर होतोय असं वाटतं. रागावून का होईना, पण लोभ धरून या.

तुमची
प्रमिला


नांदेड
शनिवार, १ मार्च

ती. सौ. वहिनींस जयवंताचा शि. सा. नमस्कार.

गुरुवारी सहा तारखेला येते, विकास बरोबर आहे. काचीगुड्याला उतरू, श्रीकांतला पाठवू नका, दादाजवळ माणसं असू देत. तीन दिवस राहीन. ओरडायचं ते आल्यावर ओरडेन, दोन शब्द आताच सांगते, तुम्ही दुष्ट आहात आणि मला एकटीला बाजूला ठेवलंत.

दारात दादानं ओळखलं नाही तर ही जयवंता, असं मध्ये बोलू नका. मला बघू द्या. पत्र चार वेळा वाचलं. ती बागेतली बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला भीती वाटते, माझीही त्याच्याकडं तीच ओळख राहिली असेल.

सांज्याच्या पोळ्या करून आणते. विकासला गॅसचं सांगितलं, तो शेगडीजवळ जाऊन उगाच बटणं बघून आला. लाल दोरा तुमच्याकडं शिल्लक आहे का.

भेटीपर्यंत लोभ सांभाळा, बाकीचं मी आल्यावर बघते.

आपली
जयवंता


॥ श्री ॥
नल्लकुंटा, हैदराबाद
बुधवार, १२ मार्च

प्रिय वन्संना प्रमिलाचा स. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर घर असं गप्प झालंय की वृषाली वरून विचारून गेली, बरं आहे ना.

पहिल्या दिवशी ह्यांनी तुम्हाला बसा म्हटलं आणि कोणाकडे आलात विचारलं, तेव्हा मला वाटलं मी तुम्हाला बोलावून चूक केली. तुम्ही पोळीवर तूप घालून ताट पुढं सरकवलंत. मला तुमच्यासारखं जमलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता म्हणाले, जये, माझा पेन कुठं लपवलास. तुम्ही पेन शोधून दिलात आणि न्हाणीघरात गेलात. बहिऱ्या माणसांना वाटतं आपलं रडणं कोणाला ऐकू येत नाही. सगळ्या घराला ऐकू आलं वन्सं. ह्यांनी मला विचारलं, आत कोण आहे. मी म्हटलं, तुमची बहीण. म्हणाले, तिला सांग, मी मारणार नाही.

तुमच्या पिशवीचा आतला कप्पा अजून बघितला नसेल तर बघा. दोरा शिल्लक होता. तुमच्यासाठी वेगळं शिवलंय, जयवंता, गॅस बंद केला का. हसा, पण उसवू नका.

आता मुद्द्याचं. निघताना तुम्ही पाडव्याला परत येते म्हणालात तर हे दार अडवून उभे राहिले, तोंडी चालत नाही. मग तुम्ही कॅलेंडरवर लिहून सही केलीत. तेव्हा आपण हसलो. पण आता रोज उठले की चष्मा लावून आधी तिथं जातात. काल मला विचारलं, ही सही कोणाची. मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, जयीची आहे, र पूर्वीपासून असाच काढते, आणि पुन्हा वाचायला लागले. तुमच्या नावात र नाही हे मी बोलले नाही. तारीख मात्र बरोबर वाचली.

म्हणून हात जोडून सांगते, विकासला सुट्टी नाही, गाडीला गर्दी आहे, असलं काही काढू नका. तो दिवस हलवू नका. तोवर तुमचं नाव त्यांना रोज सकाळी भिंतीवर मिळतंय. पुढचं मला ठाऊक नाही, आणि मला भीती वाटते.

आज त्यांना म्हटलं, खाली दोन ओळी लिहा. तासभर लागला. मी मध्ये काही सांगितलं नाही, तुमची शपथ.

लोभ मोठा ठेवा आणि पाडव्याच्या गाडीत बसा.

तुमची
प्रमिला

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद. रविवार, ता. ३० मार्च, गुढीपाडवा, रोजी तू व विकास येणार असे सहीनिशी लिहिलेले आहे. तोपर्यंत मी येथेच बसतो.
— नरहर