भांडी वाजली तर

प्रिय अण्णा,

आमच्या स्पॅनिशच्या बाईंनी, दोन्या मार्तांनी, परवा गृहपाठ दिला. जो माणूस आता उत्तर देणार नाही, त्याला पत्र लिहा म्हणाल्या. मी बसले लिहायला. 'माझे वडील कोयनानगरच्या वीजघरात काम करत होते. त्यांना भरलं वांगं आवडत होतं.' बाईंनी बरोबरची खूण करून कागद परत दिला. पण मला तुमच्यावर रागवायचं होतं, आणि रागावण्याइतकं स्पॅनिश मला अजून येत नाही. म्हणून हे पत्र आपल्या भाषेत.

आणि तुमच्याकडे एक कामही आहे. तुमच्या नातवाचं, शमूचं आहे. लांबणीवर टाकून चालणार नाही.

लोणंदच्या चर्चची चांगली चाललेली मंडळी सोडून प्रकाश मला आणि शमूला घेऊन ग्वाटेमालाला निघाला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. गोरे मिशनरी आपल्याकडे येऊन मराठी शिकले, हे सगळ्यांना ठाऊक. पण आपल्यातला पाळक परक्या मुलखात जाऊन तिथली भाषा शिकतो म्हणजे काय? तुम्ही एकटेच म्हणालात, "जाऊ द्या की. त्यांनी आपल्यास्नी दिलं, आपून फुडं द्यायचं." आधी भाषा शिकायची आणि मग वर डोंगरातल्या एका गावात सेवेला जायचं, असं ठरलंय. तिथलं घर आम्ही बघून आलो. मातीच्या जाड भिंती, वर कौलं. प्रकाशला ते फार आवडलं.

इथे सकाळी आम्ही तिघंही शाळेत जातो, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा किती हसला होतात! प्रकाश अजून अडखळतो. उपासनेत प्रार्थना करताना मध्येच मराठीत घुसतो आणि लोक आदराने आमेन म्हणतात. मी बाजारात बोटं दाखवून भाजी घेते. शमू मात्र गल्लीतल्या पोरांशी भांडतोसुद्धा स्पॅनिशमध्येच. मक्याची भाकरी इथेही असते, आपल्यापेक्षा लहान आणि जाड. त्यावर मी तुम्ही दिलेला खर्डा पसरते. संपत आला आता.

निघताना तुम्ही बॅगेत स्टीलचा तांब्या आणि फुलपात्र कोंबलं होतं. "तिकडंबी हालतंय म्हणं. असू दे संगं," म्हणालात. कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये होतं, तसंच इथे ते मी फळीवर ठेवलंय. तांब्या, आणि त्यावर पालथं फुलपात्र. जरा जमीन हलली की किणकिण. तुमचा नियम अजून कानात आहे. "भांडी वाजली तर गप जेवायचं. भांडी पडली तर उठायचं."

कोयनेच्या पोरांना धक्क्याचं काय कौतुक? पाहुणे ओरडत अंगणात पळायचे आणि आपण आमटी वाढून घ्यायचो. त्याचा आपल्याला केवढा तोरा होता!

पण अण्णा, इथे आपले शेजारी पळतात. लहान धक्का असो की मोठा, हातातलं टाकून पळतात. दोन्या मार्ता एकदा वाक्य अर्धं सोडून दाराबाहेर गेल्या, आणि आम्ही दोघं बाकावर एकमेकांकडे बघून हसत बसलो. त्या परत आल्या त्या रागाने लाल होऊन. मग आम्हाला कळेल अशा सोप्या वाक्यांत, एक एक शब्द तोडून त्यांनी सांगितलं, की त्या लहान असताना त्यांचं गाव मातीच्या भिंतींखाली गेलं. थोरला भाऊ जागा होता. थांबेल आता, म्हणाला आणि पडून राहिला. एवढं सांगून पुस्तक उघडा म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी हसत नाही.

गेल्या आठवड्यापासून फुलपात्र रोज वाजतंय. गावावरच्या ज्वालामुखीचा धूर पांढऱ्याचा काळा झालाय. दोरीवरचे कपडे काढले की बारीक राख निघते. मागच्या विहिरीचं पाणी गढूळ येतंय आणि घरमालकीण ते बघून क्रूसाची खूण करते. सगळ्या गल्लीत दाराशी चपला बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेल्या असतात. आमच्या तेवढ्या आतल्या दिशेने.

आणि सोमवारी शमूच्या शाळेतून बोलावणं आलं. धक्का बसला तशी सगळी मुलं मैदानात गेली, हा एकटा वर्गात. त्याच्या बाईंनी परत जाऊन त्याला उचलून आणलं. फार घाबरला होता बिचारा, गोठूनच गेला होता, असं त्या मला समजावत होत्या. मी त्याच्याकडे बघितलं. अण्णा, तो घाबरला नव्हता. गालात हसत होता.

तो तुमचा खेळ खेळत होता.

आठवतंय ना? पलूसला तुमच्या लेकाकडे, दिलीपच्या घरी, जेवताना, तुम्ही गुडघ्याने टेबल हलवायचात. ताटं वाजायची, आणि जो आधी उठेल तो हरला. शमू ओठ घट्ट मिटून, टेबलाला धरून बसायचा आणि दर वेळी तुम्हीच उठायचात. "हरलो गड्या, लय खंबीर हायस," म्हणायचात. त्याला मुद्दाम जिंकवायचात, हे त्याला कुठे माहीत होतं?

प्रकाशने शाळेतली ही हकिगत साताऱ्याच्या मंडळीला साक्ष म्हणून कळवली. लेकराचा विश्वास बघा, म्हणून! तिकडून धडाधड आमेन आले. मी त्याच्याशी भांडले. विश्वास वेगळा आणि सवय वेगळी, हे पाळकाला मी सांगायचं का? तो म्हणाला, तुझ्याच वडिलांनी शिकवलंय.

काल मी शमूला तालीम द्यायला गेले. फुलपात्र हाताने वाजवलं आणि पळ म्हटलं. तो हलला नाही. "मम्मी, पडलं कुठंय? आजोबांचा नियम आहे." मी रागावले, विनवलं, चॉकलेटसुद्धा देऊ केलं. पण गेलेल्या माणसाशी वाद घालता येतो का? त्याचं सगळं खरंच असतं.

आता राग सांगते. जेवता जेवता तुमच्या छातीत कळ आली. दिलीपने गाडी काढतो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, नुसती भांडी वाजत्यात, बस खाली. आणि भाकरी संपवलीत. का, अण्णा? कुणाला जिंकून दाखवायचं होतं? सांगलीला पोचेपर्यंत उशीर झाला. तुमची माती मी इथून वर्गातल्या बाकावर बसून फोनवर बघितली, आणि दोन्या मार्ता माझा हात धरून उभ्या होत्या. मला यायला हवं होतं. तुम्ही वेळेवर उठला असतात तर मी पुढच्या सुट्टीत आलेच असते, तुम्हाला बघायला.

दिलीपने नंतर रडत रडत सांगितलं, की सांगलीच्या वाटेवर तुम्ही एवढंच बोललात. "उठाया पायजे हुतं मगाशी."

हे मी शमूला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलंय की आजोबा झोपेत प्रभूकडे गेले. त्याच्या मनात तुम्ही न हललेले राहावेत, असं वाटत होतं. आज सकाळी मात्र त्याला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. भाकरी, गाडी, शेवटचं वाक्य. त्याने विचारलं, "म्हणजे आजोबा हरले?"

मी म्हटलं, "नाही रे. त्यांनी उठून हरायला हवं होतं." त्याला कळलं की नाही, कोण जाणे. उठून खेळायला गेला.

म्हणून तुमच्याकडे काम आहे. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. त्याला तुमच्या नियमातून सोडा, अण्णा. आणि मलाही सोडा. कारण खरं सांगू? फुलपात्र वाजलं की माझेही पाय अजून टेबलाखालीच राहतात.

ताटं वाढलीत. प्रकाशने प्रार्थना केली, शमूने भाकरीचा पहिला तुकडा मोडला. मी ताटाशेजारी कागद ठेवून हे शेवटचं लिहितेय, म्हणून प्रकाश नाराज आहे. डोंगरातल्या त्या मातीच्या घराचं आज रात्रीच्या आत बोलायचं ठरवलंय मी. तिथे जायचं तर आधी उठायला शिकायचं, नाहीतर मी जाणार नाही.

वचन देते, अण्णा. यापुढे या घरात भांडी पडायची वाट कुणी बघणार नाही. ताट तसंच राहू दे, भाकरी तशीच राहू दे, प्रार्थना अर्धी राहू दे. तुमच्या खेळात मी दर वेळी सगळ्यांच्या आधी हरेन.

फळीवर किणकिण सुरू झालीय. प्रकाशने घास घेतला. शमूने दोन्ही हातांनी टेबल धरलंय आणि माझ्याकडे बघतोय.

मी उठते.

तुमची,
वैशू