मधलीचा वारा

नाही मामा, आधी तू माझं ऐकून घे, मग बोल. परवा तू फोन आपटलास (मोबाइल आपटता येत नाही हे मान्य, पण ज्या सुरात 'बरं' म्हणून बंद केलास तो आपटण्यातच जमा), म्हणून हे कागदावर लिहावं लागतंय. कागदाचा फायदा एवढाच की तुला मधेच तोंड घालता येत नाही.

मायना राहिला. तीर्थरूप मामास भाचीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कण्हतोस की आता मामीचं लक्ष असेल तेव्हाच कण्हतोस? मामीला विचारलं म्हणून सांग. इकडे आई ठणठणीत आहे. तुझ्यावर चिडलेली असल्यामुळे नेहमीपेक्षा जरा जास्तच. झाला मायना, आता भांडण पुढे.

तुझं म्हणणं असं की गाडी मला देताना तू एकच अट घातली होतीस, इंजिनला हात लावायचा नाही. तो मी लावला. म्हणून रविवारी तू ट्रेलर पाठवून गाडी परत नेणार. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला कबूल आहेत. किंबहुना 'हात लावला' हे फारच सौम्य झालं. मी ते इंजिन गाडीच्या पोटातून खाली उतरवलं, घरातल्या एकुलत्या एक जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि शेवटच्या नटापर्यंत सोडवलं. सहा आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पण तिसरी गोष्ट मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. (थोडं म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. बस निवांत.)

तुम्ही चार भावंडं आणि इंजिनाची चार सिलिंडरं, हा योगायोग तुला त्या वयात इतका आवडला की तू सिलिंडरांना नंबर न देता माणसं दिलीस. पहिली ताईमावशी, दुसरा दादामामा, तिसरी आई, चौथा तू. प्लगच्या चार वायरींना तू कापडी चिठ्ठ्या बांधल्यास: ताई, दादा, मधली, मी. (चौघांत मधले दोन असतात, पण मुलग्याला कोणी मधला म्हणत नाही, हे एक असो.) मग ती तुझी निळी वही, तिच्यात तेल कधी बदललं, कुठे काय कुरकुरलं, सगळं या चार नावांनी. 'दादा गळतोय.' 'ताईचा प्लग साफ केला.' परक्या माणसाने वाचली तर त्याला वाटेल हे कुटुंब दवाखान्यातच राहतं.

आणि तो डोंगरावरचा चढ. मी तो इतक्यांदा ऐकलाय की मला वाटतं मीपण मागच्या सीटवर होते. दर सुट्टीत तुम्ही चौघं निघणार, दर सुट्टीत तिसऱ्या वळणावर गाडी तापून थांबणार. तू पुठ्ठ्याने इंजिनला वारा घालणार, दादामामा रागाने लांब जाऊन उभा राहणार आणि येणारा-जाणारा प्रत्येक भला माणूस बाटली घेऊन येणार की पाणी घालू का. मग तुम्ही चौघं एका सुरात, याला पाणी लागत नाही. एकदा एक ट्रकवाला वैतागून म्हणाला, मग काय लागतं याला? ताईमावशी दगडावर बसून थर्मासचं झाकण पुसत होती. म्हणाली, वेळ. हे सांगताना आई अजून हसते, आणि हसून झालं की उगीचच उठून कुठलं तरी कपाट आवरते. मावशी जाऊन दोन वर्षं झाली, आमची कपाटं फार नीट लागलीत.

तर मुद्दा. इंजिन उघडलं तेव्हा तीन सिलिंडरं तपकिरी निघाली आणि एक काळंनिळं. मधली. पिस्टनच्या रिंगा चिकटून बसलेल्या, हेडला (म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला) केसाएवढी चीर. लेथवाले काका (हे आमच्या मागच्या गल्लीत असतात, चष्म्यावर दुसरा चष्मा लावतात) ते हेड उलटसुलट करून बघत म्हणाले, ही बाई फार वर्षं तापात काम करतेय. मी घरी येऊन तुझी वही उघडली. तुझ्या हस्ताक्षरात, पेनाने, खाली रेघ मारून: 'मधली तापते. स्वभावच आहे.'

स्वभाव नव्हता रे मामा. हे इंजिन पाण्याने नाही, वाऱ्याने गार होतं, पंखा वरून चौघांवर वारा सोडतो, हे तू मला शिकवलंस. पण सगळ्या इंजिनाचं तेल थंड करणारा जो कूलर आहे, तो पंख्याच्या खोक्यात नेमका मधलीच्या डोक्यावर उभा असतो. म्हणजे घरादाराचं तेल आधी गार होणार, आणि त्या कूलरमधून उरलेला, तापलेला वारा हिच्या वाट्याला येणार. गाडी बनवणाऱ्यांनीही पुढे हे ओळखलं आणि कूलर बाजूला सरकवला, त्याला वेगळी वाट दिली. मी तेच केलंय. जुन्या गाड्यांच्या भंगारातून तसलं खोकं मिळवलं, रुंद पंखा बसवला, चारही सिलिंडर-पिस्टन नवे आणि जरा मोठे घातले, हेड नवं. प्रत्येक नट मोजून आवळला. यालाच तू फोनवर 'नासधूस' म्हणालास.

आता माझी चूक, कारण ती लपवली तर आई स्वतः पत्र लिहील. सगळं जोडून झालं, राहिल्या फक्त वायरी. मी चिठ्ठ्या वाचल्या (कोण कितवा ते वर तोऱ्यात लिहिलंय, पण ते मला नंतर कळलं) आणि विचार केला, ज्या माणसाने स्वतःला 'मी' म्हणून घेतलंय तो स्वतःला पहिल्या नंबराखाली कशाला ठेवेल. म्हणून 'मी' पहिल्या सिलिंडरला आणि बाकीचे वयानुसार मागे. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या घरातले आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही असं त्यांची सून सांगते, ते गॅलरीत आले. आईने शांतपणे वायरी उपटल्या. म्हणाली, अगं तो शेंडेफळ, तो चौथा. पण ताईनंतर लगेच ठिणगी त्याला, मग मला, मग दादाला. आमच्याकडे हाच क्रम होता. लाडका ना. आणि खरोखर वहीच्या शेवटच्या पानावर तुझं लिहिलेलं होतं: ताई, मी, मधली, दादा.

त्या क्रमाने ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. मी पळत जाऊन तुला फोन लावला, इंजिनाजवळ धरला, आणि तू म्हणालास, ही आपली गाडी नाही. ताईने ऐकलेला आवाज तो नव्हे. मग ते 'बरं'.

मामा, तो आवाज गेला, खरंय. ज्याला तू ताईची टकटक म्हणायचास तो ढिला पडलेला वॉल्व्ह होता. नवं इंजिन सुरू झालं तेव्हा मलाही क्षणभर घरात कुणी अनोळखी आल्यासारखं वाटलं. पण तो आवाज राखायचा तर कुणालातरी तापत ठेवावं लागत होतं. एवढंच सांगायचं होतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना काय ते तूच दे.

तुझी (अजून तरी),
भाची

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. एक दुरुस्ती आहे. वर जिथे जिथे मी इंजिन उतरवलं, उघडलं, मोजलं, आवळलं असं लिहिलंय, तिथे आईने असं वाच. तिनेच मला बजावलं होतं की नाव तुझं सांग, भाचीला तो माफ करेल, बहिणीला नाही करणार. तू आणि दादामामा काम करायचात तेव्हा सगळी वर्षं तिच्या हातात फक्त बॅटरी दिलीत, 'मधली, इकडे उजेड धर'. उजेड धरणाऱ्याला सगळं दिसत असतं. या वेळी तो मी धरला. माझं स्वतःचं म्हणावं असं काम एकच, त्या वायरी.

ता. क. २. ट्रेलर पाठवू नकोस. गाडी आम्हीच घेऊन येतोय. आज निघून दोन मुक्काम दादामामाकडे, रविवारी सकाळी तो चढ, आणि न थांबता पलीकडे तुझ्या दारात. तुला गाडी ठेवून घ्यायचीच असेल तर आई देईल, तिने मनाची तयारी केलीय, काल रात्री वहीसुद्धा पिशवीत घातली. मी थांबवणार नाही. माझं मागणं एकच आहे. आम्ही आलो की बॉनेट उघडल्यावर तुला हजार प्रश्न पडतील, त्यातला पहिला तिला विचार. मला नको. तिला.

ता. क. ३. हे वाटेत स्पीडपोस्टाने टाकते, शनिवारी मिळेल. फोन आईने घरातच ठेवायला लावलाय, तेव्हा लावू नकोस, रिकाम्या घरात वाजत राहील. दाराला कुलूप घातलंय, किल्ली समोरच्या आजोबांकडे. आई पुढच्या सीटवर बसून इंजिन गरम करतेय आणि मला हाका मारतेय. कागद बॉनेटवर ठेवून लिहितेय आणि अक्षर हलतंय, कारण गाडी हलायला लागलीय. चल, मी पळते.