ज्वारीच्या मुळांशी

प्रिय शिवा,

तिकडे तुझ्या नावातला 'कुमार' कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून तो गळाला असं तू सांगितलंस, तेव्हापासून मीही तो सोडून दिलाय. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. रोज व्हिडिओवर बोलणारी मुलगी एकदम कागद-पेन घेऊन बसली म्हणजे तुला वाटेल, हिला ऊन लागलं. ऊन आहेच म्हणा. भवानी पेठेत दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळीही चटका देतं. पण काही गोष्टी तुझा चेहरा समोर असताना मला बोलता येत नाहीत. तू भुवई उंचावलीस की माझं वाक्य मध्येच वळतं आणि मी अव्वाच्या गुडघेदुखीवर जाते.

तू जर्मनीला गेलास आणि मी इथे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. एम.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवताना आपण शिकत असतानाचा तुझा तो बाक रिकामा नसतो, त्यावर कोणीतरी बसलेलं असतंच, आणि त्याचाच मला राग येतो. तुझ्या विद्यापीठातली पीएच.डी.ची जाहिरात तू पाठवलीस, तेव्हा वर फक्त 'ये' एवढंच लिहिलं होतंस. दुष्काळात तग धरणाऱ्या पिकांच्या मुळांशी कोणते जिवाणू राहतात, असा विषय आणि पूर्ण शिष्यवृत्ती. माझी निवड झाली की दिवाळीनंतर लग्न आणि मग दोघं तिकडे, असं आपल्या दोन्ही घरांनी ठरवूनही टाकलं. दुकानात कोणी विचारलं की अप्पा सांगतात, 'आमची महेश्वरी ज्वारीच्या मुळ्या बघाय परदेशी चाललीय. हितं कुटं दिसत्यात त्या!' आणि स्वतःच हसतात. हसून झालं की गल्ल्यातली मोजलेली नाणी उगाच पुन्हा मोजतात, तेही मी पाहिलंय.

अर्जात विचारलं होतं, तुम्हाला आमच्याच विभागात संशोधन का करायचं आहे? मी दोन पानं मुळांवर लिहिली. खरं कारण एका शब्दाचं होतं आणि तो शब्द त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतो.

आता मुख्य गोष्ट. यंदा मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला, रानातल्या पूजेला, तू नव्हतास. अक्कलकोट रस्त्याच्या आमच्या रानात नेहमीसारखे सगळे जमले, कडब्याच्या खोपीत पूजा झाली, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन माणसं सुस्तावली. मग उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडायची वेळ आली. विहिरीपलीकडचा खडकाळ कोपरा दरवर्षी तुझा. पाहुणा असून मडकं खांद्यावर घेऊन पळत जायचास आणि अशी आरोळी ठोकायचास की शेजारच्या रानातली शांतम्मा तिथून शिव्या घालायची. यंदा तिकडे कोणी जाईना. अव्वा म्हणाली, 'ऱ्हाऊ दे की गं, लई लांब हाय ते.' मला काही ते राहू देववेना. मीच मडकं घेऊन गेले. तुझ्यासारखी आरोळी द्यायला गेले तर आवाज चिरकला. पिकात मला कोणी बघत नव्हतं, म्हणून मग मनसोक्त रडूनही घेतलं. चार थेंब शिंपडायचं सोडून सगळं मडकं तिथंच रितं केलं.

पुढच्याच आठवड्यात अर्जासाठी मातीचे नमुने घ्यायला गेले ते त्याच कोपऱ्यात. कारण शास्त्रीय होतं. तिकडे खत पोचत नाही, पाणी पोचत नाही आणि तरी ज्वारी उभी असते. खरं सांगायचं तर पाय आपोआप तिकडे वळले. कॉलेजच्या लॅबमध्ये प्लेटांवर जे उगवलं ते बघून मी खुर्चीतून उठलेच. मुळांना चिकटलेल्या मातीतून पांढऱ्या, गोल वसाहतींची नुसती दाटी, आणि दुसऱ्या कोपऱ्यांतल्या मातीत त्या नावालाही नाहीत. मला वाटलं, कोरड्या खडकात ज्वारीला जगवणारा जिवाणू मला सापडला. तुला फोन केला, तू तिकडे बसमध्ये ओरडलास आणि लोक वळून बघायला लागले. अर्जात मी तो शोध अगदी वरच्या ओळीत घातला.

अर्ज गेला आणि मग पुण्याहून त्या जिवाणूची ओळख पटवणारा अहवाल आला. दह्या-ताकातला, नेहमीचा, घरोघरचा! आधी मी लॅबचे शिपाई, आमचे सोमलिंगमामा, त्यांच्यावर घसरले. ते लॅबच्या फ्रिजमध्ये ताकाची बाटली ठेवतात हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. बिचारे म्हणाले, 'म्याडम, मी तुमच्या कप्प्याला हातबी लावत न्हाय.' मग एकदम डोळ्यांपुढे ते आंबिलीचं मडकं आलं, आंबवलेल्या ताकाचं, मीच तिथं पालथं केलेलं. शिवा, जगातल्या कुठल्या संशोधकानं अशी घाण केली नसेल. कोणाची तरी आठवण आली म्हणून स्वतःच्याच नमुन्यात ताक ओतायचं! तुला हे तेव्हा सांगितलं नाही, कारण तू मला तिथं बोलवायला निघाला होतास आणि मी स्वतःच्या हातानं ते दार लोटल्यासारखं झालं होतं.

मुलाखतीत मी पहिल्याच मिनिटाला सगळं सांगून टाकलं. रडले ते सोडून. समोर तुझ्या विभागाच्या त्या प्राध्यापक बाई आणि आणखी दोघं. आधी ते हसले. मग बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, हे सगळ्या गावात करतात का? दरवर्षी? किती पिढ्या? मग ते जिवाणू पुढे त्या मातीत टिकतात की मरतात, हे कोणी तपासलंय का? मी म्हणाले, नाही, कोणीच नाही. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी बोलतच सुटले. कुठे किती शिंपडतात, न शिंपडणाऱ्यांची रानं शेजारीच कशी आहेत, तुलना कशी करता येईल, नमुने कधी घ्यावे लागतील. माझं इंग्रजी अडखळत नव्हतं. इतके महिने मी या विषयाकडे तुझ्यापर्यंत पोचायची वाट म्हणून बघत होते. त्या अर्ध्या तासात तो माझा झाला.

निवड झाली, शिवा. पण शेवटी बाईंनी मला एक विचारलं होतं. प्रयोगशाळेतली जागा तुमची आहेच, त्या म्हणाल्या, पण या प्रश्नासाठी पीएच.डी.ची चारही वर्षं कोणीतरी तिथल्या रानात असायला हवं, तीही शिष्यवृत्ती आमच्याकडे आहे, तुम्हाला कुठली हवी? उत्तर द्यायच्या आधी तुझा चेहरा समोर आला, शपथेवर सांगते. आणि तो समोर असतानाच मी म्हणाले, रानातली. काल सही करून कागद पाठवले. घरी अजून कोणाला माहीत नाही. अव्वानं आज भर उन्हात नवी पेठ पालथी घालून माझ्यासाठी लोकरीची कानटोपी आणली, ती मी मुकाट्यानं घालून दाखवली. तुला आधी कळायला हवं म्हणून हे पत्र. तू माझ्यासाठी दिवस मोजत होतास आणि मी तुला न विचारता त्यात चार वर्षं घातली. तरीही मागते : थांबशील? मला तू हवा आहेस, रोज हवा आहेस, आणि हे कामही हवं आहे, यातलं एकही मला खोटं सांगता येत नाही. थांबणं जमणार नसेल तर ते तुझ्या आईकडून माझ्या अव्वाला कळू देऊ नकोस. फोन कर, मी उचलीन, भुवई उंचावलीस तरी विषय बदलणार नाही.

तू काहीही ठरवलंस तरी, तुझीच,
महेश्वरी