गाळा विकून घेतलेली डिग्री

अब्बा, मेन रोडवरचा गाळा मी परत घेतला. कागदावर आता माझं नाव आहे. हे तुम्हाला सांगायला दुसरी कुठली जागा नाही. आपल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे तुमच्या कबरीपाशी उभं राहून भांडायचीही सोय नाही. आपण घरात जी भाषा बोलायचो ती मला लिहिता येत नाही. तुम्हीच मला मराठी शाळेत घातलंत, तेव्हा हे मराठीतच ऐकून घ्या. आणि या वेळी मधेच उठून नमाजाला जाऊ नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे. घरात कोणी काही विचारायला लागलं की तुमची नमाजाची वेळ व्हायची.

बाजाराचा दिवस आठवतो. जामसरहून, दाभोशाहून भरलेल्या जीपा येतात, बायका उतरतात आणि निम्म्या तरी आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. त्या सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तहसीलदारालासुद्धा. "काय चाचा, माझा झंपर झाला का?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून अगदी शांतपणे सांगता, "झालाच आहे बाई, फक्त हुक राहिलेत. भाजी घेऊन ये तोवर." झंपराचं कापडही कापलेलं नसतं. बाई वळली की तुम्ही मागे माझ्याकडे बघता, आणि मी, शाळेचा फ्रॉक अंगावर तसाच, मशीनवर बसते. बाई मेथी-मिरच्या घेऊन येते तोवर झंपर तयार. आश्रमशाळांचे गणवेश मी शिवले. मोखाड्याच्या बोहाड्यात सोंगं नाचवणाऱ्यांचे झगे मी शिवले, जरीची किनार उलटी लागली म्हणून तुमच्या हातचा मारही खाल्ला. भाई त्या दुकानात कधी बसला नाही. त्याने बसू नये अशी तुमचीच इच्छा होती. त्याच्या हाताला सुई लागू नये म्हणून तुम्ही जपलंत. माझ्या बोटांना भोकं पडली तर म्हणायचात, "होतं असं. चाटून टाक."

भाई बारावी झाला, मार्क बेताचेच. त्या उन्हाळ्यात जव्हारच्या एका हॉलमध्ये घाटाखालच्या कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजचा माणूस आला. टाय लावलेला, सगळ्यांना फुकट फाइल आणि सरबत देणारा. तुम्ही ती फाइल घरी आणलीत आणि अम्मीला चित्रं दाखवलीत. चार वर्षं पैसे भरायचे, मग दोन वर्षांत वसूल, पुढे सगळा नफा, असं त्या माणसाने सांगितलं होतं. तुम्ही एका झंपराच्या शिलाईवरून बाईशी अर्धा तास घासाघीस करणारे, कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला हातभर कापड कमी आहे म्हणून परत पाठवणारे. या माणसाला तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. कुणाचे पैसे वसूल झाले? कोण तो मुलगा? कुठे राहतो? काहीच नाही. टायसमोर तुमची जीभ बांधली गेली, अब्बा. हे मला अजून सहन होत नाही.

मला कधी कळलं, माहितेय? मी दुकानात एकटी होते. एक गृहस्थ टेप घेऊन आत आला. मी मशीन थांबवली आणि विचारलं, "शर्ट की पँट?" तो हसला. म्हणाला, "पोरी, मला गाळ्याचं माप घ्यायचंय." आणि त्याने माझ्या डोक्यावरून टेप पलीकडच्या भिंतीला लावली. मला म्हणाला, जरा सरक. मी सरकले.

घरी आले तेव्हा अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही पाटावर बसून जेवत होतात. मी म्हटलं, "अब्बा, मग दुकान कुठे..." वाक्य पुरं झालं नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुला कोणी विचारलं?" अम्मीने तव्यावरची भाकरी उलटवली. भाई दारात उभा होता, तो आत आलाच नाही. तुम्ही जेवलात, हात धुतलेत. गाळा एकाच जागी राहणार, पोरगा पुढे जाणार, असं काहीतरी भिंतीकडे बघून बोललात. माझ्याकडे बघून बोलायलासुद्धा तुम्हाला गरज वाटली नाही.

मग दोन मशिनी ओसरीवर आल्या. तिसरी तुम्ही माझ्या लग्नात मला दिलीत, नवं कव्हर शिवून, चार माणसांत कौतुक करून. लोक म्हणाले, बापाने काय भेट दिली! मी त्या कव्हराकडे बघत बसले. मशीन दिलीत आणि ती ठेवायची जागा विकलीत, हे त्या चार माणसांत कोणाला सांगणार होते? ओसरीवर गिऱ्हाईक येईना. बाजाराला आलेली बाई जीप सोडून आमच्या गल्लीत कशाला शोधत येणार? तुमचे डोळे गेले ते त्या ओसरीच्या अंधारात, वयाने नाही.

भाईच्या फीसोबत दर वर्षी काहीतरी नवं यायचं. परीक्षेचं, हॉस्टेलचं, कसल्याशा विकासाचं. विषय राहिले, केट्या लागल्या, एक वर्ष वाढलं. शेवटी कॉलेजने त्याला एका कंपनीत लावून दिलं आणि तुम्ही आख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत. त्याच वर्षी तुम्ही गेलात. तुम्ही पेढे खाऊन गेलात, अब्बा, पुढचं आम्ही बघितलं. ती नोकरी कंत्राटी होती, सहा महिन्यांत संपली. पगार किती होता सांगू? जूनमध्ये गणवेशांचे आपल्या दुकानात जेवढे यायचे त्याच्या निम्मासुद्धा नाही. त्याच कंपनीत आयटीआय केलेली पोरं त्याच पगारावर होती, आणि त्यांच्या बापांनी काही विकलं नव्हतं. भाई नंतर भिवंडीत एका गोडाउनवर लागला, माल उतरवून घ्यायचा, सह्या करायच्या. अजून तिथेच आहे. चांगला माणूस आहे, दारू नाही, उधारी नाही. पण ईदला घरी येतो तेव्हा मेन रोडने येत नाही, मागच्या बाजूने, शाळेकडून येतो. का ते मी त्याला विचारलेलं नाही.

माझ्या नवऱ्याचा टेंपो आहे, भाजी भरून नाशिकला जातो. मी बरीच वर्षं घरात शिवलं. मग आपल्या गाळ्यातलं मोबाईलचं दुकान उठलं आणि मी तो भाड्याने घेतला. आपल्याच गाळ्याचं भाडं! पहिल्या महिन्याचं दिलं त्या दिवशी मी जेवले नाही. पण गिऱ्हाईक परत आलं. आता तिघी बायका माझ्याकडे कामाला आहेत. शिरपामाळ बघायला येणारे पाहुणेसुद्धा वारली चित्रांच्या पिशव्या घेऊन जातात, त्या आम्हीच शिवतो. मी कमावते, अब्बा. जमवतेही.

गेल्या वर्षी मालक म्हणाला, मला गाळा विकायला काढायचाय, आधी तुम्हाला विचारतो. बघा, परक्या माणसाने विचारलं. आणि त्याच उन्हाळ्यात माझी मुलगी बारावी झाली. मार्क बरे, पण सरकारी कॉलेज हुकेल असे. तिला कॉम्प्युटरची डिग्री करायची होती, खालच्या एका खासगी कॉलेजात. मैत्रिणी तिथेच जाणार होत्या. पैसे एकाच कामापुरते होते. मी मशीनवर बसून मोठ्याने तुम्हाला शिव्या दिल्या. कामावरच्या बायका घाबरल्या. तुमच्या जागी मला नेऊन बसवलंत म्हणून मला संताप आला होता.

मी भाईला फोन केला. "कॉलेज बघायला जायचंय, येतोस का?" त्याने कुठलं, कधी, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "येतो." आम्ही तिघं एसटीने घाट उतरून गेलो. ऑफिसात थंडगार एसी, सोफे, आणि समोर भिंतभर मुलामुलींचे फोटो, खाली कंपन्यांची नावं. शेजारच्याच टेबलावर कर्ज देणारा माणूस बसलेला. कॉलेजचा मुलगा गोड बोलत होता.

"मॅडम, आमच्याकडे प्लेसमेंट शंभर टक्के."

"शंभर टक्के म्हणजे काय?"

"म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला संधी मिळते."

"संधी राहू द्या. गेल्या वर्षी पास झालेल्या पाच मुलींचे नंबर द्या. मी बोलते त्यांच्याशी."

"ती माहिती आम्ही देऊ शकत नाही. प्रायव्हसी असते."

"मग भिंतीवर फोटो कसे लावलेत?"

तो हसायला लागला. तेव्हा भाई उठला. भिंतीपाशी गेला आणि एकेक फोटो बघत राहिला. पाठमोराच म्हणाला, "माझाही होता असा. आमच्या कॉलेजच्या भिंतीवर. सहा महिन्यांत मला कंपनीने काढलं, पण फोटो सात-आठ वर्षं तिथेच होता. एक ओळखीचा पोरगा तो बघून त्या कॉलेजात गेला. मला फोन करून सांगितलं त्याने. तुमचा फोटो बघितला, म्हणून ॲडमिशन घेतली." कर्जवाला कागद चाळायला लागला. भाईने कधी कोणाला हे सांगितलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते, अगदी तुमचे व्हायचे तसे.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. घरात पाऊल टाकलं आणि माझ्यावर तुटून पडली. "मामूंचं जमलं नाही म्हणून माझंही जमणार नाही का? तुला आधीच नाही म्हणायचं होतं. तू नानांवरचा, तुझ्या अब्बांवरचा राग माझ्यावर काढतेस, अम्मी."

माझा हात उठला होता. मी तो खाली घेतला. कारण ती खोटं बोलत नव्हती.

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. किती जमलंय, गाळा केवढ्याला आहे, चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस धरून किती जाईल, आणि बाहेर पडल्यावर हातात काय येईल ते कोणालाच ठाऊक नाही. म्हटलं, "यातलं एकच होईल. तू सांग, काय करू?" ती म्हणाली, "मी का सांगू? पैसे तुझे आहेत." मी म्हटलं, "मी विचारतेय म्हणून सांग." ती उठून गेली. तीन-चार दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज होता. मग एका दुपारी दुकानात आली आणि बायकांच्या देखत म्हणाली, "गाळा घे. मी एक वर्ष थांबते, परत परीक्षा देते. सरकारी मिळालं तर जाईन. नाही मिळालं तर तू मला खासगीत घालायचंस. भाडं वाचेल त्यातून भर, नाहीतर जास्त झंपर शिव. पण तेव्हा नाही म्हणायचं नाही. कबूल?"

मी म्हटलं, कबूल.

रजिस्ट्रीच्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवं होतं. शाबासकी द्यायला नाही. माझं तोंड बघायला. मी सही केली, अंगठ्यांचे ठसे दिले, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने विचारलं, "हा गाळा आधी कोणाचा होता, माहितेय का तुम्हाला?" त्याला बिचाऱ्याला नुसतं बोलायचं होतं. मी अंगठ्याची शाई पुसली.

मुलगी वर्षभर अभ्यासाला बसली. सरकारी सीट या वर्षीही हुकली, थोडक्यात. ती रडली, मग तोंड धुऊन फोन घेऊन बसली. स्वतःच चार-पाच खासगी कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुली शोधल्या, एकेकीला विचारलं. तू आता काय करतेस, पगार किती, कॉलेजने लावून दिलं की तुझं तू शोधलंस? ते मोठं कॉलेज तिने स्वतः सोडलं. एक लहान कॉलेज निवडलं, तिथल्या मुलींनी खरंखरं सांगितलं म्हणून. मला अजूनही तो सौदा महागच वाटतो. हे पैसे परत येतील असं मला वाटत नाही, निदान लवकर तर नाहीच. पण शब्द दिला होता. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची फी भरली आणि तिला हॉस्टेलवर सोडून आले. गाळा जागेवर आहे. आज सकाळी तो मीच उघडला.

शब-ए-बारातला भाई तुमच्या कबरीवर जातो. त्याच्या हाती हे देता आलं असतं, त्याने तिथे वाचून दाखवलं असतं. पण देणार नाही. त्याच्यावर माझा राग नव्हता, आणि हे वाचून तो आता येतो तेवढाही घरी यायचा नाही. शिवाय एक गोष्ट त्याला कळायला नको आहे. त्या वेळी, भाकऱ्या चालू असताना, तुम्ही मान वर करून मला नुसतं विचारलं असतंत, बेटा, गाळा विकू का, तर तो दारात उभा होता, त्याचं तोंड बघून मी "विका" म्हटलं असतं.