सुनेची चोरओटी

९ जानेवारी
रंजीताला दिवस गेलेत! कोणी सांगितलं नाही, मीच ओळखलं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता सून उठून मोरीकडे पळाली. माझी बायको शकू म्हणाली, "मलेबी वाटलंच." दिवसभर दुकानात भाजी तोलताना डोक्यात चौथीतली पाळण्याची कविता. गुरुजी चालीवर म्हणून घ्यायचे, आम्ही माना डोलवायचो. गिऱ्हाइकाला वांग्यांऐवजी टमाटे बांधून दिले. "बुढ्याचं ध्यान कुटं हाय?" — पाळण्यात!

१० जानेवारी
तिसरा लागला असणार. म्हणजे चोरओटी भरायला हवी — गावाला कळायच्या आधी, घरच्या घरी, दार लावून. मीच शकूच्या मागे लागलो. पोरगा सुरेंद्रही खुशीत.

शकूने रंजीताच्या पदरात तांदूळ, नारळ, हिरवा खण घातला. पोरगी रडायला लागली. मला वाटलं, माहेर आठवलं. म्हणालोसुद्धा — "रडून घे बाई, सुखाचं हाय."

"सुखाचं नाई, मामाजी. मले हे नोको हाय."

ओटी तशीच पदरात.

११ जानेवारी
रंजीताचा धाकटा अजून रांगतोय. सिझेरियनची जागा वाकलं की ओढते, म्हणाली. "अंगावर पाजून राह्यली तवर काई होत नाई, असं आत्याबाईच म्हणत होत्या." शकू म्हणायची, खरंय. आमच्याकडे सगळ्याच बायका हेच सांगतात. शकू मान खाली घालून तूर सोलत राहिली.

सुरेंद्र भडकला. "आलेलं लेकरू! मी सही देनार नाई!"

शेजारची देवकाबाई म्हणे मेडिकलातून गुपचूप गोळ्या आणून देते. म्हटलं, "रंजीता, तोंडात काई टाकू नोको. आधी डॉक्टर."

१३ जानेवारी
इचोड्याहून बसने आदिलाबाद. सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई तेलुगू, आमच्याशी हिंदीत. आधी मला बाहेर बसवलं. मग रंजीतानेच आत बोलावलं.

मी पहिलं विचारलं — नवऱ्याची सही?

"पति की सही नहीं चाहिए, दादाजी. बालिग है, इसी की सही चलेगी. और बात बाहर नहीं जाएगी."

दोन्ही वाटा समजावल्या. ठेवायचं तर जुन्या टाक्यांमुळे जपावं लागेल, तपासण्या चुकवायच्या नाहीत, बाळंतपण दवाखान्यातच. नको असेल तर तेही कायद्यात बसतं, इथेच होईल, पैसे नाहीत. उशीर मात्र नको. तपासल्याशिवाय दुकानातल्या गोळ्या अजिबात नाहीत — रक्त थांबलं नाही तर जिवावर बेतेल. पुढे दिवस राहू नयेत म्हणून काय काय करता येतं, तेही सांगितलं.

मग म्हणाल्या, "तुम क्या चाहती हो?"

रंजीताने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो. माझ्या तोंडावर तिला पाळणा दिसला असता!

"सोचके आओ," म्हणाल्या. "रखोगी तो भी आओ, नहीं रखोगी तो भी."

परतताना बसमध्ये शाळेतल्या कविता एकेक आठवून पाहिल्या. सगळ्यांत आई आहे. गाते, भरवते, वाट बघते. दमलेली एकीतही नाही. एवढ्या पाठ केल्या, कधी ध्यानात आलं नाही.

१५ जानेवारी
संक्रांत. घरात सगळे गोड बोलले — सुरेंद्र सोडून.

१६ जानेवारी
रंजीता दुकानात आली. कडेवर धाकटा. "मामाजी, मी ठरवलं. ठेवत नाई. उद्या जाते. तुमी याल?"

"येतो."

ती गेल्यावर कोथिंबिरीवर पाणी शिंपडत बसलो, गरज नसताना. वाईट वाटतंय. वाटू दे. माझं वाईट वाटणं तिने का वाहावं?

१७ जानेवारी
निघायच्या वेळी सुरेंद्र उंबऱ्यात आडवा बसलेला. शकू त्याला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "तू पोटात होता तवा मलेबी नोको होतं. कोनी इचारलं नाई. मंग जीव लावला, ते येगळं."

इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हतं!

मग सुरेंद्र उठला. धाकट्याला शकूकडे दिलं. रंजीताला म्हणाला, "चाल. मी येतो."

मी पायातल्या चपला काढून ठेवल्या.